कावळ्यानं भरवलेला गिटार क्लास

आमच्या अमोलच्या गिटार क्लासला पोरं कावळ्यानं मिळवून दिली. माझं शिक्षण चौथीपर्यंत, तेव्हा गोष्ट फिरवून सांगायला मला जमत नाही. जशी झाली तशी सांगतो.

क्लास मंचरला, बाजाराच्या रस्त्यावर, ठिबकच्या नळ्यांच्या दुकानावर. एक खोली, एक पंखा, भिंतीला टांगलेल्या गिटारी आणि बाहेरून चढणारा अरुंद जिना. अमोल पुण्याला शिकायला गेला तेव्हा नोकरी घेऊन येईल असं मला वाटलं होतं. तो गिटार घेऊन आला. पण त्याच्या आईला पोराचं कौतुक फार. ती त्या गिटारीला शेवटपर्यंत तुणतुणंच म्हणायची, पण क्लास खरा चालवला तिनंच. बाजाराच्या दिवशी ती त्या जिन्याच्या खालच्या पायरीवर मेथी निवडत बसायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्या बाईला धरायची. "काय गं, पोरगं काय करतंय घरी? मोबाईल बघतंय? आन इकडं तुणतुण्याला." बटाटे घ्यायला आलेली बाई पोराचं नाव घालून जायची. बटाटे विसरायची.

गणपती उठले आणि ती गेली. ताप आला म्हणून दवाखान्यात नेली, चालत गेली होती. त्यापुढचं मी लिहीत नाही.

दहाव्याचं आमच्याकडं कसं असतं हे बाहेरच्या माणसाला सांगून पटणार नाही. नदीच्या घाटावर मांडव, माईक, महाराजांचं प्रवचन, मग पुढाऱ्यांची भाषणं. (जिवंतपणी ज्याला शेजारी ओळख देत नव्हते, तोसुद्धा त्या सकाळी गावाचा आधारवड होतो.) मग पिंड ठेवतात आणि सगळा मांडव कावळ्याची वाट बघत बसतो. कावळा शिवला तर माणूस सुखानं गेला. नाही शिवला तर जीव कशाततरी अडकलाय. मग घरचे एकेक जण पुढं होऊन वचन देतात, की बाई, तुझं हे करू, ते करू, आता जा.

आमच्या वेळी कावळे होते. उंबरावर ओळीनं बसले होते. पण खाली येईनात.

पहिली पुढं झाली माझी मेव्हणी, शांताबाई. तिनं हात जोडले आणि म्हणाली, "तायडे, दाजींना मी रोज डबा दीन." कावळा हलला नाही. (शांताबाईच्या हातचं मी खाल्लेलं आहे. मला कावळ्याचं पटलं.) मग अमोल गेला. "आई, मी लग्न करतो," म्हणाला. कावळ्यानं मान दुसरीकडं वळवली. गिटारवाल्याला या दोन तालुक्यांत मुलगी कोण देतंय हे त्यालाही माहीत असणार! उन्हं चढली. पुढाऱ्यांना जुन्नरकडचा अजून एक दहावा गाठायचा होता, ते घड्याळ बघायला लागले. मागून कुणीतरी म्हणालं, नाना, तुम्ही बोला.

चार माणसांत मी तिच्याशी जन्मात कधी बोललो नव्हतो. आमच्या पिढीत बोलत नसत. पिंडापुढं उकिडवा बसलो आणि तोंडातून आपोआप निघालं, "क्लास बंद पडू देत न्हाई. तू आनत व्हतीस तशी पोरं मी आनीन. जा आता."

कावळा फडफडत खाली आला आणि शिवला. बाया रडल्या. पुढारी उठले. आणि मला नंतर कळलं, की माईक चालूच होता.

सगळं आटोपल्यावर अमोलनं मला समोर बसवलं. म्हणाला, "नाना, क्लासातली पोरं आईची होती. तिच्यामागं एकेक गळायला लागली. पुण्याच्या एका शाळेनं बोलावलंय. गुढीपाडव्यापर्यंत बघतो, नाहीतर जावं लागंल."

तो गेला म्हणजे घरात मी आणि भिंतीवरचं घड्याळ. त्या घड्याळाचा सेल कसा बदलतात हेसुद्धा मला ठाऊक नाही. ती बदलायची.

तेव्हा मी कंबर कसली. तिची रीत मला पाठ होती, म्हणून पुढच्या बाजारी मेथीची जुडी घेऊन तिच्याच पायरीवर जाऊन बसलो. एक बाई आली. मी तोंड उघडायच्या आत तिनं विचारलं, "बाबा, मेथी कशी दिली?" मी सांगत होतो गिटारीचं, ती घासाघीस करत होती मेथीची. शेवटी ती जुडी घेऊन गेली. पोरगं आलं नाहीच, वर संध्याकाळची भाजीही गेली. त्यानंतर एक मोटारवाला थांबला आणि मला वॉचमन समजून गाडी कुठं लावू म्हणाला. मी जागा दाखवली. मग दुसऱ्याला दाखवली. दुपारपर्यंत माझ्या हाताखाली अशा काही गाड्या लागल्या, की नळ्यांचा दुकानदार बाहेर येऊन हात जोडून म्हणाला, "नाना, गिऱ्हाईकाला आत यायला वाट तर ठेवा."

मग डोक्यात आलं, की माणसं बाजारात घाईत असतात. आमच्या भागात शेकड्यानं माणसं एका जागी, गप्प, उठून न जाता बसतात ती फक्त दहाव्यालाच. आणि दहाव्यात नव्यानं बायको गेलेल्या म्हाताऱ्याला माईक नाही म्हणायची कुणाची छाती होत नाही. मंचरला कांद्याचे एक मोठे अडते वारले होते. सगळे त्यांना आण्णा म्हणत. मी अमोलला घेऊन घाटावर गेलो आणि श्रद्धांजलीला उभा राहिलो.

"आण्णांनी जन्मभर कांदा विकला," मी म्हणालो, "पन आतून त्यान्ला संगीताची लई ओढ व्हती." (मी आण्णांना एकदाच बघितलं होतं, लिलावात हमालाला शिव्या देताना. पण शिव्या तालात होत्या.) "तवा ज्यान्ला आपल्या पोरान्ला गिटार शिकवायचीय, त्यांनी ठिबकच्या दुकानावर यावं. जिना डाव्या अंगाला हाय. आण्णांच्या आत्म्याला शांती मिळो."

सगळा मांडव वळून माझ्याकडं बघायला लागला. अमोल शेवटच्या रांगेत होता, तो तोंडावर रुमाल टाकून खाली वाकला. लोकांना वाटलं, पोराला आण्णांचा फार लळा होता.

इथंच संपलं असतं. पण कावळा शिवेना. आण्णांच्या पोरांनी वाटणीचं भांडण माईकवर मिटवलं, एकमेकांच्या गळ्यात पडले. कावळा नाही. धाकट्यानं तंबाखू सोडली. कावळा नाही. ऊन डोक्यावर आलं, म्हाताऱ्या घेरी यायच्या बेताला आल्या, आणि थोरल्याची नजर माझ्यावर पडली. तो दातओठ खात पिंडापुढं गेला. "आण्णा, तुमची संगीताची ओढ आमाला कधी दिसली न्हाई. पन व्हती म्हनत्यात. तुमच्या नातीला गिटारीला घालतो. आता तरी या."

कावळा आला. एक नाही, दोन आले.

पुढं काय झालं ते मी सांगायला नको. आमच्याकडं बातमी बिबट्यापेक्षा जोरात पळते. भीमाशंकरच्या वाटेवरच्या वाड्यांपर्यंत झालं, की कावळा अडला तर नवसासारखी गिटार बोलायची. जिथं कावळा अडेल तिथं एखादा नातू, एखादी पुतणी कबूल व्हायला लागली. माझा तर मान असा वाढला, की परगावच्या दहाव्याला मला आणायला गाडी यायची. मला पुढच्या रांगेत, महाराजांच्या शेजारी खुर्ची. क्लास भरला. पोरांना जिन्यात बसवायची वेळ आली. मी रोज घरातल्या तिच्या जागेकडं बघून म्हणायचो, बघ, आणली का नाही?

पण ती पोरं क्लासला आलेली नव्हती, घरच्या गेलेल्या माणसाच्या सुटकेला आली होती. त्यांची तोंडं शाळेत छडी खाल्ल्यासारखी. सोबत आज्या यायच्या, कोपऱ्यात बसून पोरगं वाजवतंय का झोपतंय यावर लक्ष ठेवायच्या. एका आजीनं अमोलला विचारलं, "मास्तर, आमचं मालक आता कुठवर पोचलं असतील?" अमोल म्हणाला, ते माझ्या विषयात येत नाही. दुसऱ्या घरानं ओझरच्या गणपतीचा अंगारा आणून सगळ्या गिटारींना लावला, तारांवरनं बोटं घसरायला लागली.

मग आण्णांच्या थोरल्यानं आण्णांचा फोटो आणला. हार घातलेला, मोठा. म्हणाला, वचन पाळलं हे त्यांना दिसलं पाहिजे. भिंतीला लावला. ते बघून बाकीच्यांनी आपापले आणले. महिन्याभरात भिंतीवर गिटारींना जागा उरली नाही. जिकडं बघावं तिकडं हार घातलेली माणसं, खाली उदबत्त्या, आणि त्या धुरात खोकत अमोल सूर शिकवतोय. त्याच सुमारास एक बाई मुलीला घेऊन खरोखरीची चौकशी करायला आली. शिकलेली होती, बदलीवर नवी मंचरला आलेली. मुलगी हौसेनं शिकायची म्हणत होती. अमोलचा चेहरा कितीतरी दिवसांनी फुलला. त्या बाई दारात थांबल्या, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सगळे फोटो बघितले आणि अमोलला हळूच विचारलं, "हे सगळे... तुमचे जुने विद्यार्थी का?"

उत्तर ऐकायला थांबल्या नाहीत. जिन्यावरून दोघींच्या चपला वाजत गेल्या.

अमोलनं त्या दिवशी क्लास लवकर सोडला. मी म्हणालो, अरे, क्लास तर भरलाय. तो म्हणाला, "नाना, यातल्या एकाला तरी गिटार हवीय का?"

आता शेवटचं. कळंबकडच्या एका दहाव्याला शांताबाई माझ्याबरोबर होती. कावळा अडला होता, लोक माझ्याकडं बघत होते, आणि मी जरा फुगून म्हणालो, की वचनात ताकद असते, आमच्या हिनंही माझ्या वचनावरच कावळा धाडला. शांताबाईनं तोंडाला पदर लावला. मला वाटलं रडतेय. ती हसत होती.

"कसलं वचन, दाजी? तुमी बोलत व्हता तवा मी मागनं पिंडावर कांदाभजं सरकवलं. तायडीला मंचरचं भजं लई आवडायचं ना, म्हनून पिशवीत नेलं व्हतं."

"मग तवा का न्हाई सांगितलंस?"

"तुमी रडत व्हता," ती म्हणाली. "म्हटलं, असू द्या."

मी खाली बसलो. इतके महिने मला वाटत होतं, शेवटी ती माझ्याशी काहीतरी बोलली. ती बोललीच नव्हती. भजं होतं.

पण बायांच्या कळपात शांताबाईचं बोलणं म्हणजे दुसरा माईकच. तिथल्या तिथं कुणीतरी पोराला हॉटेलात पिटाळलं, पिंडावर भजं आलं आणि कावळा डोळ्याचं पातं लवायच्या आत हजर. त्या दिवसापासून गिटारीचं नाव कुणी काढलं नाही. भज्यात काम होतंय म्हटल्यावर नातवाला कशाला अडकवायचं? आण्णांचा थोरला आला, फोटो काढून काखेत मारला, नातीला घेऊन गेला. पोरगी जाताना पहिल्यांदा हसली. मग एकेक करून सगळे गेले. भिंतीवर खिळे राहिले आणि एकच फोटो. तो अमोलनं कधी लावला होता, त्या गर्दीत मला दिसलाही नव्हता. त्याच्या आईचा.

पाडव्याला अमोलनं बॅग भरली. मी उंबऱ्यात बसलो होतो. म्हणालो, "जा बाबा. माझं वचन काय, भज्यावर उडालं."

"कावळा भज्यावर आला असंल, नाना. पण बोललात तुम्हीच ना? अख्ख्या गावानं माईकवर ऐकलंय." त्यानं एक जुनी गिटार माझ्या मांडीवर ठेवली. "पोरं आणीन म्हणालात. एक तरी आणा. तुम्हीच बसा. दर रविवारी येतो शिकवायला."

तेव्हापासून तो दर रविवारच्या एसटीनं येतो. येताना घड्याळाचा सेलसुद्धा आणतो. माझी बोटं तारांवर एकेक करून ठेवतो, मी दाबतो, आणि फुटक्या पत्र्यासारखा आवाज येतो. पावसाळा संपत आला, पहिला धडा अजून तोच चाललाय. गावात म्हणतात, नाना लई पोचलेला माणूस, मुद्दाम शिकत न्हाई. शिकला तर पोरगं कशाला यील? अमोललाही तसंच वाटतं, तो गालात हसतो. या वयात कुणी हुशार समजत असेल तर समजू द्यावं.

खरं असं आहे, की मी आठवडाभर जीव तोडून वाजवतो. जमतच नाही. गिटार मांडीवर घेतली, की दारच्या चिंचेवरचे कावळे उठतात ते थेट नदीपल्याड जातात. परवा शांताबाई डबा द्यायला आली होती, उडालेल्या कावळ्यांकडं बघत म्हणाली, "दाजी, आता तुमच्या दहाव्याला टोपलीभर भजी मांडली, तरी यातला एक यायचा न्हाई."