चंद्राबाईच्या वावरातली मेंढरं

रखमाजीचा त्याच्याच वावरात खून कुणी केला, हे पासष्टेक वर्षांत पोलिसांना सापडलं नाही. मला मात्र त्यावरची कादंबरी निम्मी लिहून होण्याआधीच सापडलं. संशयित तीन: भाऊबंद, वाटेकरी आणि गेनबा धनगर. गेनबाची मेंढरं ज्वारीत शिरली म्हणून आदल्या दिवशी भांडण झालेलं. पुरावा नाही, म्हणून तिघेही सुटले. मी गेनबाला धरला. परका माणूस धरायला बरा पडतो.

गेनबाची लेक सगुणाबाई भोंगवलीच्या बाजूला असतात. सत्तरी उलटली तरी मेंढरांमागं चालतात. छापण्याआधी त्यांच्या कानावर घालावं म्हणून गेलो, आणि घातलं. बाईंनी कोकराच्या पायातला काटा काढणं थांबवलं नाही.

"आन् चंद्राबाई? ती हाय का बुकात?"

चंद्राबाई ही रखमाजीची विधवा. "आहे की. रडतेय," मी म्हणालो.

"रडली असंल. म्या न्हाई बघितलं."

मग त्यांनी पाहिलेलं सांगितलं. सुगी झाली की शेतकरी रात्री आपल्या रानात मेंढरं बसवून घेतात. त्यांना लेंडीखत मिळतं, धनगराला धान्य. त्या साली गेनबाला कुणी रानात पाऊल टाकू देईना. चूल बंद पडली. शेवटी घोड्यावर बिऱ्हाड चढलं, वर कोंबड्यांशेजारी लहानगी सगुणा. गाव बघत उभा. तेवढ्यात चंद्राबाई मोकळ्या कपाळानं वाटेत आडवी आली.

"गेनबा, मेंढरं माज्या वावरात बसव."

"म्हणजे खरा खुनी तिला माहीत होता!" मी जवळजवळ ओरडलोच.

"न्हाई वो. जाणती झाल्यावर म्या इचारलं तिला. म्हनली, 'ठावं न्हाई पोरी. तुज्या बानं केलं असंल तर त्येचं त्यो आन् देव बगून घेतील. पर ठावं नसताना तुमची चूल कशी इजवू?'"

नवरा जिथं पडला त्याच वावरात, कदाचित त्याला मारणाऱ्याचीच मेंढरं! घरात पडून ती त्यांची बें-बें ऐकत असेल. एवढं काळीज माणसाला असतं, हे मला कुठल्याही प्रकरणात सुचलं नव्हतं.

"आता कादंबरीचं काय करू, बाई?"

त्यांनी कोकरू खाली सोडलं. "लिवा की. तुमाला ठावं असंल तर बाचं नाव घाला."

मला ठाऊक नव्हतं.