जाड दोर, बारीक दोर

आठवीच्या मुलांना तीन दिवस डोंगरात न्यायचं, दोरावर चढवायचं, तंबूत झोपवायचं, म्हणजे त्यांना शिकण्याची गोडी लागते, असं शाळेत आलेल्या पत्रकात लिहिलं होतं. मी ते वाचून नाक मुरडलं. मला डासांची, विंचवांची आणि उघड्यावर अंघोळ करण्याची भीती वाटते. शिवाय इतक्या वर्षांच्या नोकरीत दोराला लटकून कुणाला भूमितीची गोडी लागलेली मी पाहिली नव्हती. पण मुख्याध्यापकांनी माझं नाव आधीच यादीत घालून टाकलं होतं. दोन दिवस मी त्यांच्याशी धड बोलले नाही, तिसऱ्या दिवशी निमूटपणे डासांचं मलम विकत आणलं.

आमची शाळा गुजरातेत, बमरोलीच्या बाजूला, पण मराठी माध्यमाची. बहुतेक पोरं खानदेशातून आलेल्या घरांतली. घरी अहिराणी, वर्गात माझ्यासमोर मराठी, आणि मी पाठ फिरवली की गुजराती. त्यांचे वडील कापडाच्या लूमच्या कारखान्यांत कामाला, ज्यांना इथं सगळे ‘खातं’ म्हणतात. खात्यात बारा तास खटखट ऐकून ही माणसं घरी येतात तेव्हा मोठ्यानं बोलतात, आणि मुलंही तशीच मोठ्यानं बोलायला शिकतात.

त्या वर्गात एकच मुलगी हळू बोलायची. सातवीपर्यंत मी फळ्यावर उदाहरण लिहून खडू ठेवायच्या आत तिचं उत्तर वहीत तयार असायचं. आठवीत दिवाळीनंतर मात्र तिची वही कोरी यायला लागली. मी रागावले, उभं केलं, एकदा बाहेरही काढलं. तेव्हा तिनं मला अगदी शांतपणे सांगितलं, “बाई, आठवी झाली की पप्पा मला घरी बसवणार आहेत. मम्मीबरोबर साड्यांना स्टोन लावायला. मग हे कशाला लिहू?”

उत्तर सुचलं नाही की मी चिडते, म्हणून तिला आणखी थोडं बोलून घेतलं. त्या दिवशी घरी जाताना मात्र रडायला आलं. आमच्या शाळेत आठवीपर्यंतच वर्ग आहेत, नववीला मोठा रस्ता ओलांडून हायस्कुलात जावं लागतं, आणि त्या रस्त्याच्या अलीकडे दर वर्षी चार-सहा मुली गळतात. त्यांत ही नको होती.

कॅम्पची परवानगी मागायला तिच्या वडिलांना बोलावलं. पहिल्या पाळीवर जायच्या आधी आले, बनियनवर शर्ट चढवून, केसांत कापसाचे तंतू तसेच. मी कॅम्पचे फायदे सांगायला लागले. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “पोर एकली जाणार नही. मी बी येस.” खात्यात तीन दिवसांचा खाडा टाकून हा माणूस मुलीवर पहारा करायला येणार होता. मला राग आला, पण बटाटे सोलायला कुणीतरी हवंच होतं, म्हणून हो म्हटलं.

उतराण, म्हणजे इकडची पतंगांची संक्रांत, होऊन आठवडा झाला होता. मुलांच्या बोटांवर मांजाचे काप अजून ओले होते. बारडोली गेली, उसाची शेतं संपली, टेकड्या लागल्या, आणि बसमधला आरडाओरडा एकदम बंद झाला. इतकी मोकळी जागा बहुतेकांनी गावाला गेल्यावरच काय ती पाहिलेली. माझी मुलगी, म्हणजे मी मनात तिला तसंच म्हणायचे, खिडकीशी बसली होती. वडील तिच्या मागच्या सीटवर, हाताची घडी घालून.

पहिला दिवस त्यांनी खरंच पहारा केला. मुलगी तंबूत गेली की तंबूबाहेर, टेकडी चढली की टेकडीखाली. चूल पेटवायला मदत केली, पण बोलले कुणाशीच नाहीत. मुलीनं दिवसभर काही धड केलं नाही. बाप बघत असताना कोण उड्या मारणार?

दुसऱ्या दिवशी सकाळी ओढ्यावर दोराचा पूल करायचा होता. कॅम्पवर शिकवणारा तरुण गुजराती मुलगा होता, मुलं त्याला सर म्हणत. पायाखालचा दोर त्यानं स्वतः दोन झाडांना ताणून बांधला. वरचा, हातानं धरायचा दोर मुलांनी तयार करायचा होता. त्यासाठी त्यानं दोन दोर दिले, एक जाड, एक बारीक. दोन्ही एकट्यानं अपुरे. जोडले तर पुरणार होते.

मुलांनी झटापट केली. गाठी मारल्या, गाठीवर गाठी मारल्या, लाडवाएवढे गोळे झाले. सरांनी हिसका दिला की बारीक दोर सुळकन निसटून यायचा. अर्धा तास हेच चाललं. मी सावलीत बसून ‘मी म्हटलंच होतं’ असा चेहरा करून होते.

तेवढ्यात वडील बटाट्यांचं पातेलं बाजूला ठेवून उठले. हात पँटला पुसले, दोन्ही टोकं हातात घेतली, आणि काय केलं ते कुणालाच दिसलं नाही. बोटं एकदा वळली, गाठ तयार. सरांनी हिसका दिला, मग दोघातिघांना धरून ओढायला लावलं, मग स्वतः लटकून पाहिलं. गाठ हलली नाही. जाड-बारीक दोर जोडायची हीच गाठ ट्रेनिंगमध्ये शिकायला त्याला दोन दिवस लागले होते, हे त्यानं हसत कबूल केलं. खात्यात तुटलेला तार, म्हणजे धागा, दिवसातून कितीतरी वेळा असाच जोडतात, असं वडिलांनी खाली बघत सांगितलं.

“काका, फिर से करो ना. धीरे से,” सर म्हणाला.

आणि तिथं गंमत झाली. त्यांना सावकाश करताच येईना. सावकाश करायला गेले की बोटं अडखळायची, गाठ सुटायची. तीनदा प्रयत्न केला. शिकवणाऱ्याची ही फजिती मला चांगली ठाऊक आहे, त्यामुळे पहिल्यांदाच मला त्या माणसाविषयी माया वाटली. कान लाल झाले होते त्यांचे.

मुलगी पुढे आली. “पप्पा, तुम्ही तुमच्या चालीनं करा. मी बघते.” त्यांनी पाच-सहा वेळा केलं. ती त्यांच्या बोटांजवळ तोंड नेऊन बघत राहिली. मग जमिनीवर उकिडवी बसली आणि काडीनं ओल्या मातीत चित्रं काढायला लागली. जाड दोराचं टोक दुमडायचं. बारीक दोर त्या दुमडीच्या पोटातून वर आणायचा. मागून वळसा. मग टोक त्याच्या स्वतःच्याच खालून घालायचं आणि ओढायचं. एकेक चित्र दाखवत ती बोलत होती, आणि वर्गात जिचा आवाज दुसऱ्या बाकापर्यंत जात नव्हता तिचा आवाज ओढ्यापलीकडे जात होता. दहा मिनिटांत सगळ्या वर्गाला गाठ आली. मलाही आली. मी सावलीतून कधी उठले ते कळलं नाही.

दोर वर चढला. कमरेला पट्टे बांधले. पहिलं कोण जाणार म्हणून सरांनी विचारलं, तर सगळे एकमेकांच्या मागे.

“मनी पोर जाई पहिले,” वडील मुलीकडे बोट दाखवत म्हणाले.

तिनं वळून त्यांच्याकडे पाहिलं. मग गेली. मध्यावर, बरोबर त्या गाठीपाशी, पायाखालचा दोर झुलायला लागला, तेव्हा तिनं गाठ मुठीत धरली आणि थोडा वेळ तशीच उभी राहिली. मग पुढचं पाऊल टाकलं.

इथंच मी गप्प बसायला हवं होतं. पण संध्याकाळी मुलीनं कॅम्पच्या वहीत दोन पानं भरून ती गाठ लिहिली, चित्रांना आकडे घालून, आणि खाली ‘हे मी पप्पांकडून शिकले’ असं लिहिलेलं मी वाचलं, आणि वही घेऊन थेट चुलीपाशी गेले. अशी पोर घरी बसवणार का, तुम्हाला काही वाटतं का, असं बरंच काही बोलले. मुलांसमोर बोलले. त्यांनी वही घेतली, बराच वेळ चित्रं पाहिली, परत दिली आणि उठून गेले. नंतर परत येईपर्यंत ते माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. परतीच्या बसमध्ये मी स्वतःला मनसोक्त शिव्या दिल्या.

मुलीची वही मात्र पुन्हा भरायला लागली. का ते मी विचारलं नाही. परीक्षा झाली, ती पहिली आली, मे महिन्यात सगळे लग्नांसाठी गावाला गेले.

जूनमध्ये शाळा उघडली त्या आठवड्यात वडील आले आणि शाळा सोडल्याचा दाखला मागितला. दाखला कशाला, एवढंच कसंबसं विचारलं.

हायस्कुलात मागतात, ते म्हणाले. मग थोडं थांबून सांगितलं, की तिची ती दोन पानं त्यांनी खात्यात मशीनशेजारी भिंतीला चिकटवली आहेत. नवीन कारागीर आला की आधी त्याच्यावर ओरडावं लागायचं. आता तो पानं बघून शिकतो.

“मना हातले वीस वरीस पासून येस,” ते म्हणाले, “पन माले सांगता येत नही. तिले सांगता येस. तिले आजून शिकाडनं शे.”

माझ्याकडे बोलण्यासारखं खूप होतं. पण मी दाखला काढला, शिक्का मारला, आणि तो मिळाल्याची सही करायला रजिस्टर त्यांच्यापुढे सरकवलं. त्यांनी पेन घेतलं आणि एकेक अक्षर सावकाश काढत आपलं पूर्ण नाव लिहिलं.