अर्धी गोळी आणि कडुलिंबाचा काढा

"जंतू रेझिस्टन्ट आहेत," कल्चर रिपोर्ट बघत डॉक्टरबाई म्हणाल्या. कल्चर म्हणजे पुवातले जंतू वाढवून कोणतं औषध लागू पडतं ते बघणं. रेझिस्टन्ट म्हणजे औषधाला दाद न देणारे. "पाय वाचवायचा प्रयत्न करू. आधीच्या गोळ्या पूर्ण घेतल्या होत्या ना?"

माझी बायको रत्ना खाटेवरूनच म्हणाली, "मीच भूली गयथी." बाई तिच्यावर रागावल्या. मी शेजारी मान खाली घालून उभा राहिलो.

रत्ना काहीच विसरली नव्हती. शेतात तुरीचा खुंट तिच्या पायात घुसला, पू झाला, म्हसावदच्या डॉक्टरांनी अँटिबायोटिक दिलं. त्याच सुमारास मी मोबाइलवर पाहिलं, की काही वनस्पतींतले घटक थकलेल्या अँटिबायोटिकचा जोर वाढवतात. मी पडलो पपईवाला. फवारणीत स्टिकर, म्हणजे चिकटवणारं द्रव, टाकला की औषध पानाला धरतं, कमी लागतं. मग काढा हा स्टिकरच की! कडुलिंब-हळद उकळून तिला पाजली आणि गोळी अर्धी मोडून दिली. उगाच अंगात उष्णता कशाला, म्हणून. मोठा शहाणा मी. तिने एकदाही विचारलं नाही.

पाय घोट्यापर्यंत सुजला, तेव्हा नंदुरबारचं हे हॉस्पिटल गाठलं.

वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसवेना. बाई बाहेर आल्या तसा उठलो आणि सगळं सांगून टाकलं. वाटलं, आता माझी खरडपट्टी निघणार. त्या शांतपणे म्हणाल्या, "बातमी खोटी नाही. काही जंतू औषध बाहेर फेकतात, काही वनस्पतींतले घटक ते फेकणं अडवतात. पण हे प्रयोगशाळेत. माणसाला किती द्यायचं, कशाबरोबर, ते अजून शोधताहेत. काढा म्हणजे तो घटक नव्हे. आणि अर्ध्या गोळीने जंतू मरत नाहीत, उलट सोकावतात." मग आत जाऊन त्यांनी रत्नाची माफी मागितली. ती मी मागायला हवी होती.

जखम कापून साफ केली, सलाइनमधून दुसरं औषध चाललं. करंगळी गेली, पाय राहिला. डॉक्टरबाईंचे उपकार फिटायचे नाहीत.

तुमच्या घरी असं दुखणं आलं तर काढ्याचं आधी डॉक्टरांना सांगा, आणि दिलेली गोळी मोडू नका, पूर्ण द्या. मला हे लिहितानाही लाज वाटते.

घरी आल्यावर पहिली गोळी मीच दिली. रत्नाने ती तळहातावर घेतली, कुठे मोडलेली तर नाही ना, म्हणून उलटून पाहिली आणि मला विचारलं, "पुरी शे ना?"