देवरावच्या गरीला न लागलेली मरळ

तलावाच्या पारीवर, म्हणजे बांधावर, बसून मासे किती जमतात, ते विचारू नका. किस्से मात्र टोपलीभर जमतात! मासा लागला की माणूस उठून घरी जातो. नाही लागला की बसतो, अन् बसला की बोलतो. आमच्या पारीवरून कोणी लवकर उठून गेल्याचं मला तरी आठवत नाही!

पुण्याकडचे ज्याला गळ म्हणतात ना, त्याला आम्ही गरी म्हणतो. तलाव आमचा मालगुजारांच्या, म्हणजे जुन्या जमीनदारांच्या, वेळचा. एका अंगाला धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं, दुसऱ्या अंगाला जंगल. पारीवर बसणारे आम्ही तिघं. एक मी. शाळा सातवीपर्यंत, टवाळीत मात्र डबल ग्रॅज्युएट. दुसरे गुरुजी. रिटायर झाले, पण शिकवायची सवय सुटली नाही. आता पोरं ऐकायला नाहीत, म्हणून माशांना शिकवतात. तिसरा देवराव. आधी बस चालवायचा. त्याच्या बसनं कोंबडी, बकरी, सगळं उडवलं म्हणतात, पण त्याच्या गरीला कधी मरळ म्हणून लागली नाही. मरळ म्हणजे तलावातली मालकीण! काळीभोर, सापाच्या तोंडाची, अन् रस्सा केला तर शेजारी वाटी घेऊन उभे राहतात अशी.

यात कोणाचंच बिघडत नव्हतं. पण देवरावच्या पोरीचं, योगिताचं, सिरोंच्याच्या एका मुलाशी जुळलं. दोघं नर्सिंगला सोबत होते. मुलगा चांगला, नोकरी चांगली. अडला तो मुलाचा बाप. मल्लन्ना नाव, गोदावरीच्या काठी जन्म गेलेला. त्यानं फोनवर देवरावला सांगितलं, "मी पत्रिका पाहत नाई, देवरावजी. माणूस पाण्याजवळ कसा राह्यते, ते पाहतो. मग हो म्हनतो, नाईतर नाई म्हनतो."

शहाण्या माणसानं "या, चहा घेऊ" म्हटलं असतं. देवराव काय म्हणाला? "या ना, व्याहीबुवा! माह्या घरी व्याही आला का मी माह्या हातानं पकडलेलीच मरळ वाढतो. विकतची आमच्या घरात येत नाई!"

फोन ठेवला तेव्हा योगिता दारातच उभी होती. म्हणाली, "बाबा, लग्न माझं होतं. तुमी नेऊन गरीले टांगलं!"

* * *

आमच्याकडे गरी घेऊन निघालेल्या माणसाला "कुठी चाल्ला?" असं विचारत नाहीत. विचारलं की दिवस वाया गेला, मासा लागत नाही. मग तो माणूस तिथूनच माघारी फिरतो. हा नियम सगळ्या गावाला माहीत आहे. मलाही माहीत आहे, म्हणून तर मी विचारतो!

देवराव रोज सकाळी निघायचा अन् मी पानठेल्यावर उभा. "काय गा देवराव, कुठी चाल्ला?" तो मनातल्या मनात माझ्या सगळ्या खानदानाचा उद्धार करत घरी परतायचा.

मग त्यानं अक्कल लढवली. गरी चादरीत गुंडाळली, अन् कोणी तोंड उघडायच्या आत आपणच सांगायला लागला, "दवाखान्यात चाल्लो, दवाखान्यात!"

गाव भलं आहे हो आमचं. संध्याकाळपर्यंत त्याच्या घरी माणसं बिस्किटाचे पुडे घेऊन आली. कोणी म्हणे पोटाचं आहे, कोणी म्हणे छातीचं. एक म्हातारी तर देवरावच्या बायकोच्या, सुमनबाईच्या, गळ्यात पडून रडली. सुमनबाईला काहीच माहीत नाही, पण समोरची रडते म्हणून तीही रडली!

बातमी पार सिरोंच्यापर्यंत गेली. मल्लन्नाचा फोन आला. "तब्येत सिरियस हाय म्हनते. मी उद्याच निघू का?"

देवराव ओरडला, "नको नको! अजून लागली नाई! म्हंजे... मी बरा हाय जी!"

* * *

गुरुजींचा मुलगा कॅनडात आहे. देवरावची अडचण ऐकून त्यानं तिकडून मासेमारीचं सामान पाठवलं. काय सांगू! दागिन्यांची पितळी पेटी वाटावी अशी पेटी. कप्प्याकप्प्यात प्लास्टिकचे किडे, रबरी गांडुळं, चमकणारे पत्रे, डोळे लावलेले लाकडी मासे. रीळ तर असं की देवरावनं आधी त्याला हॅन्डब्रेक शोधला.

मुलानं तिकडच्या तलावाचा हिवाळ्यात काढलेला व्हिडिओही पाठवला. सगळं पांढरं. तलावाचा बर्फ झालेला, त्यावर तंबू, तंबूत हिटर, अन् माणसं बर्फाला भोक पाडून गरी सोडून बसलेली.

देवरावनं मोबाईल नाकाजवळ नेऊन पाहिला. मग म्हणाला, "हे मासे पकडून नाई राह्यले, गुरुजी. फ्रिजमधून काढून राह्यले!"

पेटीत एक कागद होता. त्यावर लिहिलेलं, पाणी किती थंड असलं की कोणता किडा लावायचा. गुरुजी शिस्तीचे. पाण्याचं टेम्परेचर मोजल्याशिवाय किडा लावू देईनात. भर मे महिना, म्हशी पाण्यातून निघायला तयार नाहीत, अन् गुरुजींनी घरून ताप मोजायचं थर्मामीटर आणून तलावात धरलं. काठावर आम्ही सगळे श्वास रोखून. शेवटी ते पीप पीप वाजलं. गुरुजींनी चष्मा पुसला, आकडा वाचला अन् जाहीर केलं,

"तलाव नॉर्मल आहे!"

देवरावनं हात जोडले. "देवाची कृपा! आता सुटी कधी देता?"

* * *

पाऊस लागला तसा सिरोंच्याचा रस्ता बंद झाला. नाल्यावर पाणी, पुलावर पाणी. मल्लन्ना म्हणाला, "रस्ता मोकळा झाला का येतो." देवरावला नवस न करता मुदतवाढ मिळाली. पण घरात योगिता बोलेनाशी झाली होती. ताट ठेवायची ते असं की ताटच आवाज करायचं.

पेटीत एक रबराचा बेडूक होता. हुबेहूब! पाय हलवायचा, पाण्यावर टुणटुण यायचा. गुरुजी म्हणाले, मरळ यालाच भुलते. देवरावनं कमळाच्या पानांजवळ बेडूक फेकला अन् हळूहळू ओढायला लागला.

एकदम पाणी हललं. दोरी जड झाली!

"लागली! लागली!" देवराव पारीवर नाचायला लागला. गुरुजी इंग्रजीत सूचना देऊ लागले. मी पँट वर खोचून पाण्यात उतरलो. दोरी ओढत ओढत काठाला आणली, अन् पाहतो तर काय, रबरी बेडकाच्या पाठीवर एक खरा बेडूक गच्च मिठी मारून बसलेला! डोळे मिटलेले. सुटायलाच तयार नाही. पावसाचे दिवस, त्याचाही हंगाम!

देवराव खाली बसला. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. म्हटलं, "रडू नको गा. पोरीची नाई तं नाई, बेडकाची सोयरीक तं जमवली तू!"

* * *

आमच्या तलावावर पाणी प्यायला वाघ येतो. त्यासाठी फॉरेस्टवाल्यांनी झाडाला कॅमेरा बांधलेला आहे. समोरून काहीही गेलं की फोटो निघतो. आपण विसरतो, कॅमेरा विसरत नाही.

एक दिवस गार्ड धापा टाकत गावात आला. मोबाईलवर फोटो. पारीवर देवराव बसलेला, हातात कॅनडाची काठी, मान छातीवर, गाढ झोपलेला. अन् त्याच्या मागून, दहा-बारा हातांवरून, एक भला दांडगा वाघ शांतपणे चाललेला. मान वळवून देवरावकडे पाहतो आहे. "हा काऊन इथी बसला," असाच त्याचा चेहरा!

सगळं गाव देवरावच्या अंगणात जमलं. कोणी त्याच्या पाया पडलं, कोणी म्हणालं देवीची कृपा. फोन फिरत फिरत सुमनबाईच्या हातात गेला. तिनं फोटो पाहिला. मोठा करून पाहिला.

"अन् तुमी तं राशनच्या लाइनीत उभा होतो म्हनलं होतं!"

"अवो," देवराव म्हणाला, "मागं वाघ तं पाह्य ना!"

"वाघ त्याच्या कामावर हाय. तुमी कुठी हाव?"

* * *

मग एक दिवस साहेब आले. तलावात माशांचं बियाणं सोडायचा सरकारी कार्यक्रम. मंडप, हार, माईक, अन् बोटभर पिलांनी भरलेली एक प्लास्टिकची पिशवी. साहेबांनी मत्स्यक्रांतीवर भाषण केलं. पिशवीतली पिलं आडवी व्हायला लागली तेव्हा कुठे भाषण संपलं.

साहेबांनी थोडी पिलं पाण्यात सोडली. फोटोवाला म्हणाला, "सर, डोळे मिटले तुमचे." साहेबांनी पुन्हा थोडी सोडली. "सर, सरपंच मध्ये आले." पुन्हा थोडी. शेवटचा फोटो चांगला आला, पण तोवर पिशवी रिकामी होती. साहेब नुसतं पाणी ओतत हसत होते. छापून तोच आला!

मी म्हटलं, "साहेब, बियाणं तं सोडलं, पण फोटोत पीक दिसून नाई राह्यलं!"

तेवढ्यात गर्दीतून देवराव पुढे. हात जोडून म्हणाला, "साहेब, हे पिलं मोठे कवा होतील?"

"वर्षभरात."

"वर्षभर नाई ना जी थांबता येत. पोरीचं लग्न अडून हाय. एखादी तयार मरळ नाई का तुमच्याजवळ?"

साहेबांनी गाडीची काच वर करता करता सांगितलं, "अर्ज करा."

* * *

पोळा झाला, रस्ता मोकळा झाला, अन् मल्लन्नाचा फोन आला. "उद्या दुपारी पोचतो, देवरावजी."

त्या दिवशी देवराव उजाडायच्या आधीपासून पारीवर. रबरी बेडूक झाला, चमकता पत्रा झाला, शेवटी आपलं साधं गांडूळही झालं. तलाव काही बोलेना. उन्हं वर आली तशी त्यानं गरी झुडपात लपवली, दुपट्टा तोंडावर घेतला अन् सायकल तालुक्याच्या रस्त्याला लावली. मी कशाला सोडतो! दुसऱ्या सायकलवर मागे मागे.

बाजारात आमच्याच गावची गिरजाबाई मासे विकायला बसते. तिच्या घमेल्यात पाण्यात दोन मरळी होत्या, जिवंत, सारख्या अंगाच्या. देवराव तोंड न दाखवता म्हणाला, "एक दे."

"एकच काऊन, देवरावभाऊ?" ती म्हणाली. दुपट्टा कोणाला फसवतो! "जोडी हाय, दोन्ही घेऊन जा."

"एकच. अन् हळू बोल ना बाई!"

ओल्या पोत्यात गुंडाळली तर मरळ दिवसभर जिवंत राहते. देवरावनं तशीच आणली, अंगणात टबात सोडली, आपलं धोतर पाण्यानं ओलं केलं अन् वाट पाहत बसला. योगितानं टब पाहिला, बापाचं कोरडं बनियन पाहिलं. अन् कितीतरी दिवसांनी पहिल्यांदा चहा आणून दिला.

दुपारी मल्लन्ना ऑटोतून उतरले. उंच, पांढऱ्या मिशांचे, पायात जाड चपला. हातात एक ओलं पोतं. देवरावनं टब दाखवला. "आज पहाटेची हाय जी. याच हातानं!"

मल्लन्नांनी वाकून पाहिलं. "मंची, मंची," म्हणाले. त्यांच्या तेलुगूत चांगलं असलं की असं म्हणतात. मग आपलं पोतं उघडलं अन् एक मरळ टबात सोडली. "ही आमच्या गोदावरीची. काल संध्याकाळी मीच काढली. सिरोंच्यापासून मांडीवर घेऊन आलो."

गुरुजींना राहवेना. दोन्ही मासे पाहून त्यांनी नदीचा मासा अन् तलावाचा मासा यातला फरक समजावून सांगितला. नदीच्या माशाचं अंग म्हणे जास्त कसदार असतं, पाण्याला ओढ असते ना! दोन्ही बापांनी जोरजोरात माना हलवल्या.

आता मासे साफ करायचे. सुमनबाई म्हणाली, जिवंत मरळीला मी हात लावणार नाही. अन् तेवढ्यात रस्त्यानं रिकामं घमेलं डोक्यावर घेऊन कोण चाललेली? गिरजाबाई! देवरावनं मला डोळ्यांनी खुणावलं, मान हलवली, दोन्ही हात जोडले.

मी काय करणार? देवानं मला गळाच मोठा दिला आहे. "ओ गिरजाबाई! या ना इकडे, दोन मरळी कापून द्या!"

ती विळी घेऊन टबाजवळ बसली. पाण्यात पाहिलं. मग देवरावकडे पाहिलं. मग पदर सावरून मल्लन्नांकडे पाहिलं. अन् गालावर हात ठेवून म्हणाली,

"अगा बाई! सकाळी एकीले देवरावभाऊनं नेलं, अन् घडीभरानं स्टँडवर उतरलेल्या ह्या भाऊनं दुसरीले नेलं. म्या म्हनलं, बहिनी बहिनी तुटल्या. अन् पाहा, नांदाले एकाच घरी आल्या!"

अंगणात कोंबडीसुद्धा हलेना. गुरुजींनी बोलायला तोंड उघडलं, मी त्यांच्या पायावर पाय दिला. दारात योगिता पाण्याचा ग्लास घेऊन उभी. देवराव जमिनीकडे पाहत होता. मल्लन्ना त्याच्या ओल्या धोतराकडे पाहत होते.

त्यांनी आपलं ओलं पोतं पायानं खाटेखाली सारलं. मग खाटेवर सरकून देवरावला जागा केली, अन् म्हणाले,

"बसा, व्याहीबुवा. तारीख काढा!"