चोकला बांधलेला नारळ

अगं सुमे, फोन जरा कानाजवळ धरून ऐक, आणि ते नुसतं ‘येते, येते’ म्हणणं सोड बरं. आज शेजाऱ्यांच्या जुन्या गाडीनं दारात काळा धूर ओकला, न जळलेल्या पेट्रोलचा वास आला आणि तुझ्या जन्माचा दिवस आठवला.

तू पोटात होतीस, कळा सुरू झालेल्या. आपल्या गोरेगाव खेड्यातून हिंगोलीच्या दवाखान्यात निघालो आणि भर माळावर गाडी आचके देऊन बंद पडली. मी मागच्या सीटवर ओठ चावत पडलेले. तुझ्या बाबांनी प्लग काढला, तर काजळीनं काळाकुट्ट.

“पेट्रोल जास्त जाऊन राहिलं. काहून?”

पुढच्या सीटवर आत्याबाई, म्हणजे तुझी आजी, देवाचं नाव घेत होत्या. बाबा स्टिअरिंगजवळ आत वाकले अन् थबकले.

“माय, हा नारळ इथं कुणी बांधला?”

“मीच. वाट सुखाची व्हावी म्हणून. दोरी बसंना, मग बटण वढून घेतलं.”

“अगं, तो इंजिनाची हवा अडवायचा चोक हाय! तुझ्या नारळानं गाडीचा गळा धरला!”

कळ सोसत मी हसले. चोक आत गेला, पुसलेला प्लग बसला, गाडी धडधडली. आत्याबाईंनी नारळ मांडीवर घेतला, तो दवाखान्यात तू पहिल्यांदा रडल्यावरच फोडला.

तवा त्या पेट्रोलच्या वासानं जीव उडाला होता. आता तो आला की वाटतं, तू वाटेवर आहेस. ये गं लवकर.