दहा आकडे

धायरीहून स्वारगेटला येणाऱ्या बसमध्ये ते काका रोज माझ्या शेजारी बसतात. नाक चपटं झालेलं. तरुणपणी ते बॉक्सिंग करायचे. कॉलेजच्या खेळांच्या फॉर्मवर मला बॉक्सिंग किंवा एमएमए, म्हणजे मिक्स्ड मार्शल आर्ट्स, यातलं एकच निवडायचं होतं. घरी विचारण्यासारखं कुणी नव्हतं, म्हणून भीतभीत त्यांनाच विचारलं, "काका, जास्त धोका कशात?"

"एमएमएत हातपाय मोडतात. पण सहन झालं नाही की हाताने जमिनीवर थोपटायचं, लढत संपते. आमच्या बॉक्सिंगमध्ये सभ्यपणा फार. पडलेल्याला उठायला दहा आकडे मोजेपर्यंत वेळ देतात. मग परत डोक्यावर ठोसे."

मी हसलो. ते हसले नाहीत. स्वारगेटला उतरताना त्यांनी विचारलं, "तू कुठल्या कॉलेजला रे?"

महिनाभर ते रोज हेच विचारत आहेत. मी रोजच्यासारखं नाव सांगितलं. रोजच्यासारखंच ते "अरे वा!" म्हणाले.

फॉर्म अजून कोराच आहे.