भट्टीच्या दारावर आत्याबाईंची बोटं

भुताखेतांच्या गोष्टी ऐकून मी आजवर हसतच आले. मळ्यात कोणाला पैंजण वाजल्याचं ऐकू यायचं, अन् निघायची बकरीच्या गळ्यातली घंटी... त्यामुळे असल्या अनुभवांच्या या सदरात माझं नाव बघून आमच्या देऊळघाटच्या बाया फिदीफिदी हसतील. हसू द्या. माझ्या अनुभवात अमावस्या नाही, पिंपळ नाही. भर दुपार, डोक्यावर पंखा, हातात चहाची बशी.

आधी आत्याबाईंबद्दल सांगते — म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांना जाऊन खूप वर्षं झाली. विळ्यानं त्यांच्या उजव्या हाताचं मधलं बोट अर्धं गेलेलं होतं. मी लग्न होऊन आले ती मॅट्रिक पास — अन् हे मी दिवसातून दोनदा तरी घरात कोणाला ना कोणाला सांगायची. चुलीवर चढवण्याआधी भांड्याला बाहेरून राख-मातीचा लेप देतात, म्हणजे जाळानं भांडं खराब होत नाही. त्याला लेव म्हणतात. मॅट्रिक पास सुनेला वाटायचं, यात शिकायचं काय? घाईघाईत थापायची, पदराला हात पुसून मोकळी. आत्याबाई रागवायच्या नाहीत. नुसती तीन बोटं त्या ओल्या लेवात रोवायच्या — दोन लांब, मधलं आखूड — अन् म्हणायच्या, "पुन्हा लाव." माझं एकही पातेलं पहिल्या झटक्यात पास झाल्याचं मला आठवत नाही.

आता नात. वैशू पुण्याला एका कंपनीत आहे. भट्ट्यांना, बॉयलरला उष्णता सोसणारं कोटिंग देतात, ते आतून नीट चिकटलं की नाही हे ती तपासते. न खरवडता, न तोडता. (लेवच की हो तो, फक्त पगारी.) खामगावच्या रस्त्याला एका कारखान्यात भट्टीचं नवं दार तपासायचं होतं, म्हणून मुक्काम माझ्याकडे. या वेळी रिपोर्टवर सही तिची एकटीची होती — पहिल्यांदाच.

दुपारी ती बाजेवर लॅपटॉप घेऊन बसली होती. फोनवर तिचे साहेब. आवाज मोठा, मला सगळं ऐकू येत होतं.

"सर, दार दिव्यानं तापवून उष्णतेच्या कॅमेऱ्यातून बघितलं. खालच्या कोपऱ्यात डाग आहेत."

"रिफ्लेक्शन असेल गं. बाकी दार क्लीन आहे ना? सोमवारी भट्टी पेटवायचीय त्यांना."

"दिव्याची जागा बदलली तरी डाग तिथंच आहेत."

"वैष्णवी, पहिल्याच कामात हसं करून घेऊ नकोस. सही कर अन् पाठव."

फोन ठेवला तेव्हा पोरीचं तोंड एवढंसं झालं होतं.

"काय झालं वं?"

"आजी, भाकर फुगली की पापुद्रा सुटतो ना, तसं ते कोटिंग पत्र्यापासून सुटलं असेल तर भट्टी पेटल्यावर गळून पडेल. दाराजवळ माणसं उभी असतात."

"अन् सुटलं नसंल तर?"

"तर माझं हसं."

"दाखव मले."

तिनं स्क्रीन माझ्याकडे वळवला. निळं निळं दार, अन् कोपऱ्यात पांढरे तीन पट्टे. दोन लांब. मधला आखूड.

बशीतला चहा लुगड्यावर सांडला.

"भाजलं का गं, आजी?"

"नाही वं. कोणी हात लावला होता काय या दाराले?"

"स्प्रेनं मारतात ते. आधी तेलकट हात लागला असेलही... पण असा हात कोणाचा असतो? मधलंच बोट छोटं."

वैशूनं आत्याबाईंना पाहिलेलं नाही. घरातल्या एकुलत्या एका फोटोत त्यांचा हात पदराखाली आहे. सगळं माझ्या जिभेवर आलं होतं... पण गिळलं. सही तिची होती. आत्याबाईंच्या नावानं तिला धीर द्यायचा, म्हणजे तिची अक्कल आपल्या खात्यावर मांडायची.

तिनं लॅपटॉप परत आपल्याकडे वळवला. मग खाडखाड टाइप केलं.

"काय लिवलं?"

"लिहिलं, पुन्हा लावा."

मी लुगड्यावरचा चहा पुसायला घेतला.

साहेब चिडले, कारखान्यातले चिडले. शेवटी तिच्या समोरच तिथं खरवडून पाहिलं. तिन्ही पट्ट्यांच्या जागी कोटिंग पापुद्र्यासारखं हातात आलं. शेजारी मात्र पटाशीनं निघेना. आतला पत्रा लख्ख. तेल नाही, डाग नाही. आखूड बोटाचं माणूसही तिथं कोणी नाही — वैशूनं माझ्यासाठी विचारून घेतलं, काऊन, कशासाठी ते न विचारता. संध्याकाळी साहेबांनी स्वतः फोन करून सॉरी म्हटलं. दुसऱ्या दिवशी बुलढाण्याच्या बसमध्ये मी हे कंडक्टरलाही सांगितलं. त्यानं फक्त कुठं जायचं एवढंच विचारलं होतं.

शेजारचे मास्तर म्हणतात, योगायोग. असेल. 

मागच्या आठवड्यात मी मुद्दाम चूल पेटवायची ठरवली. पातेल्याला लेव लावला — सावकाश, काठापर्यंत — ओसरीत वाळत ठेवला अन् त्याच्याकडे पाठ करून बसले. बऱ्याच वेळानं वळून पाहिलं. लेव सपाट होता, एकही बोट नाही.

मॅट्रिकनंतर मी पुन्हा एकदा पास झाले.